शंभर डॉलरचा व्हिसा आणि चौतीस हजार प्रवासी

१०० डॉलर ७७ सेंट. १७ एप्रिल २०२४ पासून श्रीलंकेच्या पर्यटक व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या बहुतेक परदेशी प्रवाशांना पडद्यावर हा आकडा दिसू लागला. त्यात व्हिसाचे शुल्क ७५ डॉलर, अर्ज हाताळण्याचे सेवाशुल्क साडेअठरा डॉलर आणि 'सोयीचे शुल्क' ७ डॉलर २७ सेंट. त्याआधी तीस दिवसांच्या परवान्याला ५० डॉलर पडत. भारतासह सात देशांच्या नागरिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिसाशुल्क माफ झाले होते, पण नव्या संकेतस्थळावर सेवा आणि सोयीच्या शुल्कांची ओळ त्यांच्याही वाट्याला आली. चौघांच्या भारतीय कुटुंबाला फुकट व्हिसासाठी १०३ डॉलर मोजायचे होते.

काम सरकारी खात्याकडून काढून जीबीएस टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस, आयव्हीएस ग्लोबल आणि व्हीएफएस ग्लोबल या कंपन्यांच्या गटाकडे दिले गेले होते. युरोपच्या व्हिसासाठी मुंबई-पुण्याहून अर्ज केलेल्यांना यातले शेवटचे नाव ओळखीचे आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला कटुनायके विमानतळावरच्या व्हिसा खिडकीपाशी एका श्रीलंकन माणसाने या सगळ्यावरून आवाज चढवला, त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि ६ मे रोजी मंत्रिमंडळाने ५० डॉलरचे शुल्क व सात देशांची माफी पुन्हा जाहीर केली. यंत्रणा मात्र तीच राहिली. स्पर्धात्मक निविदा न काढता कंत्राट दिले, अशी तक्रार घेऊन विरोधी पक्षांचे नेते सर्वोच्च न्यायालयात गेले. २ ऑगस्टला न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन नवी यंत्रणा थांबवायला सांगितले. आदेश पाळला गेला नाही म्हणून २५ सप्टेंबरला देशाच्या आव्रजन खात्याचे प्रमुखच कोठडीत गेले आणि त्यानंतर लगेच ऑनलाइन प्रवास परवान्याची जुनी 'ईटीए' पद्धत परत सुरू झाली. एकूण पाच महिने आणि काही दिवसांचा हा खेळ.

पर्यटन व्यवसायातली मंडळी तेव्हा म्हणत होती की हंगामच हातचा गेला. सरकार म्हणत होते की संख्या तर वाढतेच आहे. दोन्ही बाजूंकडे आकडे होते. २०२४ मध्ये २० लाख ५३ हजार ४६५ पर्यटक आले, आदल्या वर्षीच्या १४ लाख ८७ हजार ३०३ पेक्षा ३८ टक्के जास्त. मग तक्रार कशाची?

आदल्या वर्षाशी तुलना करणे इथे कामाचे नाही. २०२३ ची सुरुवातच खोल खड्ड्यातून झाली होती. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या रविवारी चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसे गेली. मग कोविड आला आणि २०२१ मध्ये वर्षभरात दोन लाखही पर्यटक आले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली, पेट्रोलच्या रांगा लागल्या, जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले. अशा काळानंतर जानेवारी २०२४ चा आकडा जानेवारी २०२३ च्या दुपटीहून जास्त आला, यात व्हिसाचा गुण ना दोष.

म्हणून मोजपट्टी घ्यायची ती २०१८ ची. स्फोटांच्या आधीचे ते शेवटचे पूर्ण वर्ष, आणि २३ लाख ३३ हजार ७९६ पर्यटकांसह त्या वेळचे विक्रमी. २०२४ चा प्रत्येक महिना २०१८ च्या त्याच महिन्याशेजारी ठेवला की पावसाळा, नाताळ, युरोपच्या सुट्ट्या हे सगळे आपोआप वजा होते. ईस्टरसुद्धा दोन्ही वर्षांत मार्च-एप्रिलच्या सांध्यावरच होता. असे केल्यावर टक्केवारी अशी येते: जानेवारी ८७, फेब्रुवारी ९३, मार्च ९०. एप्रिलमध्ये ८३, मेमध्ये ८७, जूनमध्ये ७७, जुलैत ८६, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी ८२. आणि मग ऑक्टोबर ८९, नोव्हेंबर ९४, डिसेंबर ९८.

मधला खळगा डोळ्यांत भरतो. नव्या यंत्रणेच्या आधीच्या तिमाहीत श्रीलंका २०१८ च्या ८९.८ टक्क्यांवर होती. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत ८२.९ टक्क्यांवर आली. यंत्रणा गेल्यावरच्या तिमाहीत थेट ९४.५ टक्क्यांवर चढली. या सहा महिन्यांत पहिल्या तिमाहीचाच वेग टिकला असता तर ८ लाख ४९ हजारांऐवजी ९ लाख २० हजारांच्या आसपास पर्यटक आले असते. म्हणजे सत्तर हजार माणसे हरवली. वर्तमानपत्राला मथळा हवा असेल तर इथेच थांबावे.

पण २०२५ चे आकडे आता हाताशी आहेत आणि ते या मथळ्यातली बरीच हवा काढून घेतात. २०२५ मध्ये ना ती कंपन्यांची यंत्रणा होती, ना शंभर डॉलर. तरी त्या वर्षी पहिल्या तिमाहीत २०१८ च्या १०२ टक्के, एप्रिल-सप्टेंबरमध्ये ९८ टक्के आणि शेवटच्या तिमाहीत १०६ टक्के असाच मधे खोलगट आलेख आहे. म्हणजे २०१८ च्या मानाने एप्रिल ते सप्टेंबर हा काळ एरवीही थोडा मंदच असतो. उन्हाळ्यात येणारे युरोपीय आणि चिनी प्रवासी पूर्वीच्या प्रमाणात परतलेले नाहीत, हे त्याचे मला पटणारे कारण. २०२५ मधली ही नैसर्गिक घसरण २०२४ ला लावून पाहिली तर त्या सहा महिन्यांत सुमारे ८ लाख ८३ हजार पर्यटक अपेक्षित होते. आले त्यापेक्षा ३४ हजार जास्त. सत्तर हजारांचे चौतीस हजार झाले.

त्यातले सगळे चौतीस हजारही व्हिसाच्या नावावर टाकता येत नाहीत. सर्वात वाईट महिना जून, आणि जूनच्या सुरुवातीलाच बेटाच्या नैर्ऋत्य भागात मोठे पूर आले होते. २१ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. निवडणुकीच्या आसपास परदेशी माणूस सहल पुढे ढकलतोच. सरकारने त्या वर्षी २३ लाख पर्यटकांचे उद्दिष्ट धरले होते. तूट राहिली जवळजवळ अडीच लाखांची. आपला पूर्ण चौतीस हजारांचा आकडा व्हिसाच्या माथी मारला तरी तुटीतला तो जेमतेम १४ टक्के वाटा होतो. व्हिसा प्रकरणाने हंगाम बुडाला, हे म्हणणे आकड्यांत बसत नाही.

मग सोडून द्यावे? तेही नाही. २०२४ मध्ये पर्यटनातून श्रीलंकेला सुमारे ३१७ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे माणशी १,५४३ डॉलर. ३४ हजार माणसांचे झाले सव्वापाच कोटी डॉलर. आता दुसऱ्या बाजूला, त्या सहा महिन्यांत आलेल्या प्रत्येक प्रवाशाने सेवा आणि सोयीचे मिळून २५ डॉलर ७७ सेंट भरले असे समजू. सगळ्यांनी भरलेले नाहीत, यंत्रणा एप्रिलच्या मध्यावर सुरू झाली, मुलांची गोष्ट वेगळी, पण समजू. तरी रक्कम दोन कोटी वीस लाख डॉलरच्या वर जात नाही, आणि ती कंपन्यांची, देशाची नव्हे. जास्तीत जास्त वसुली ही संभाव्य नुकसानीच्या निम्मीही भरत नाही. गाजावाजा झाला त्याहून नुकसान बरेच कमी, तरी वसूल झाले त्याहून बरेच जास्त.

यात एक गोष्ट विचित्र आहे. ७५ डॉलरचे शुल्क जेमतेम तीन आठवडे टिकले. एप्रिलमध्ये तिकीट काढणारा माणूस बहुधा जून-जुलैत उडतो, तोवर ५० डॉलर परत आलेले होते. तरीही ऑगस्ट-सप्टेंबर मार खातात. १,५४३ डॉलर खर्च करणाऱ्या माणसाला ५० डॉलर म्हणजे सहलीचे तीन टक्के, १०० डॉलर म्हणजे साडेसहा. एवढा फरक तर विमानाच्या भाड्यात एका आठवड्यात पडतो. एकट्या प्रवाशाला तो फारसा जाणवणार नाही. चौघांच्या ब्रिटिश किंवा जर्मन कुटुंबाला दोनशे डॉलरचा जाणवेल, आणि आठवडाभराच्या सहलीला महिनाभराच्या सहलीपेक्षा जास्त. शुल्क ठरावीक असते, मुक्काम लहान झाला म्हणून ते लहान होत नाही. पण या सहा महिन्यांत माणसे बिचकली असतील तर ती रकमेपेक्षा अनिश्चिततेला. कोणते संकेतस्थळ खरे, शुल्क किती, विमानतळावर मिळेल की आधीच काढायचा, याची उत्तरे आठवड्याला बदलत होती. प्रवासी या गोंधळाची तक्रार करायला कुठे जात नाही. तो व्हिएतनामचे तिकीट काढतो.

रकमेचा प्रभाव किती तोकडा आहे ते देशवार आकड्यांत दिसते. २०१८ मध्ये भारतातून ४ लाख २४ हजार ८८७ पर्यटक श्रीलंकेत गेले होते, २०२४ मध्ये ४ लाख १६ हजार ९७४. म्हणजे ९८ टक्के वसूल. भारताला व्हिसाशुल्क माफ. चीनलाही माफ होते. तिथून २०१८ मध्ये २ लाख ६६ हजार आले होते, २०२४ मध्ये १ लाख ३२ हजार. निम्मे. रशियालाही माफ, तिथून मात्र तिपटीहून जास्त, २ लाखांवर. ब्रिटनला शुल्क भरावे लागत होते, तिथून ७० टक्के परतले. जर्मनीलाही भरावे लागत होते आणि तिथून ८७ टक्के. फुकट व्हिसा असलेल्या तीन देशांचे आकडे ५०, ९८ आणि ३१३ असतील, तर ठरवणारी गोष्ट व्हिसा नव्हे. युक्रेन युद्धानंतर रशियन माणसाला युरोपची दारे जवळपास बंद झाली आणि ऊबदार किनारा हवा होता. चिनी माणूस कोविडनंतर परदेशात जायलाच उशिरा निघाला. भारतातून जाणाऱ्यांना जवळची, स्वस्त आणि थेट विमानाची सहल मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये इंडिगोनेही मुंबई-कोलंबो थेट सेवा सुरू केली. मुंबईहून अडीच तासांत कोलंबो, तिथून कँडी, नुवारा एलियाजवळचे सीता एलियाचे मंदिर आणि परतीच्या वाटेवर गॉल, अशी रामायण-सहल आपल्याकडच्या टूर कंपन्या वर्षानुवर्षे विकत आहेत. ती व्हिसामाफीच्या आधीही विकली जात होती.

थायलंडने हाच धडा उलट्या बाजूने घेतला. चीन आणि थायलंड यांनी १ मार्च २०२४ पासून एकमेकांच्या नागरिकांना कायमची व्हिसामाफी दिली. शुल्क शून्य, कागद शून्य. २०२४ मध्ये ६७ लाख चिनी पर्यटक आले. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी अभिनेत्याला कामाच्या आमिषाने बँकॉकला बोलावून, सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यात डांबल्याची बातमी आली. त्याची सुटका झाली, पण चीनमधल्या समाजमाध्यमांवर थायलंडची प्रतिमा बिघडली ती बिघडलीच. २०२५ अखेर चिनी पर्यटक ४५ लाखांच्या आसपास उरले, एक तृतीयांश घट. देशाची एकूण संख्याही ३ कोटी ५५ लाखांवरून ३ कोटी ३० लाखांवर घसरली. व्हिसाचा नियम वर्षभरात एका अक्षराने बदलला नव्हता.

श्रीलंकेला पाहुण्यांच्या अनुभवाच्या आघाडीवर असा एकच मोठा फटका बसला नाही. तिथे चिमटे आहेत. एप्रिल २०२४ मध्येच कोलंबोच्या अलुत्कडे भागातल्या एका खाऊगाडीवर परदेशी पर्यटकाला कोट्टू रोटीचे १,९०० श्रीलंकन रुपये सांगून वर दमदाटी केल्याची चित्रफीत पसरली आणि विक्रेत्याला अटक झाली. कँडी-एल्ला रेल्वेमार्गाची तिकिटे विक्रीला येताच गायब होतात आणि मग दलालांकडे कित्येक पटींनी मिळतात. जानेवारी २०२५ मध्ये यावरून गुन्हे अन्वेषण विभागाला हात घालावा लागला. सिगिरियाच्या कड्यावर चढायला परदेशी माणसाकडून तीस-पस्तीस डॉलर घेतात, स्थानिकाला ते तिकीट नाममात्र पडते. हे शेवटचे आपल्याला परके नाही. ताजमहाल आणि अजिंठ्याच्या तिकीटखिडकीवरही भारतीयांचे आणि परदेशी पाहुण्यांचे दर वेगळे असतात. त्यात अन्यायच आहे असे मी म्हणणार नाही, पण तिकिटाच्या बदल्यात पाहुण्याला स्वच्छ प्रसाधनगृह आणि नीट माहिती मिळते का, हा प्रश्न दोन्ही देशांना सारखाच लागू आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कोलंबोच्या तारांकित हॉटेलांना किमान खोलीभाडे सक्तीचे केले गेले होते. पंचतारांकितसाठी १०० डॉलरपेक्षा कमी घ्यायचेच नाही. परिषदा आणि लग्नसमारंभ आणणाऱ्या भारतीय आयोजकांनी बँकॉकशी भाव ताडून पाहिले असणार. हा नियमही पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागला.

२०२५ मध्ये श्रीलंकेत २३ लाख ६२ हजार ५२१ पर्यटक आले. नोव्हेंबरच्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने शेकडो बळी घेतले, तरी डिसेंबरचा आकडा २०१८ च्या डिसेंबरपेक्षा वरच राहिला. जुना विक्रम सात वर्षांनी मोडला आणि त्याचे समारंभ झाले. त्या आकड्याच्या आत दोन गोष्टी आहेत.

पहिली, भारत. २०२५ मध्ये तिथे गेलेले भारतीय ५ लाख ३१ हजार ५११ होते, २०१८ पेक्षा २५ टक्के जास्त. भारतीयांना बाजूला ठेवले तर उरलेले १८ लाख ३१ हजार, आणि २०१८ मध्ये तेच १९ लाख ९ हजार होते. भारत वगळून श्रीलंका अजून ७८ हजारांनी मागेच आहे. विक्रम आपल्या लोकांनी केला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. २०१८ मध्ये उत्पन्न ४३८ कोटी डॉलर, म्हणजे माणशी १,८७७. २०२४ मध्ये माणशी १,५४३. २०२५ मध्ये एकूण उत्पन्न ३२२ कोटी, माणशी सुमारे १,३६३ डॉलर. एका वर्षात पर्यटक १५ टक्क्यांनी वाढले, कमाई दोन टक्केही वाढली नाही. हे उत्पन्नाचे आकडे मुक्काम आणि दैनंदिन खर्चाच्या पाहणीवरून काढतात, त्यामुळे शेवटच्या दोन अंकांवर भांडू नये. पण दिशा स्पष्ट आहे, आणि मधल्या वर्षांतली डॉलरची महागाई धरली तर घसरण आणखी मोठी. मुंबई-चेन्नईहून चार-पाच दिवसांसाठी जाणारा गट आणि लंडनहून तीन आठवड्यांसाठी येणारे जोडपे मोजणीत सारखेच भरते, हॉटेलच्या गल्ल्यात नाही. सात देशांची माफी जवळच्या पाहुण्यांचा वाटा वाढवायला पूरक ठरली असेल. तसे असेल तर तिने माणसे आणली आणि सरासरी खाली ओढली.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मध्ये परराष्ट्र व पर्यटन मंत्री विजिता हेरत यांनी माफीची यादी सातवरून ४० देशांपर्यंत नेण्याची घोषणा केली. त्यात ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, म्हणजे जास्त दिवस राहणाऱ्या आणि जास्त खर्च करणाऱ्या पाहुण्यांचे देश आहेत. ही घोषणा नवी नव्हती. आधीच्या सरकारने ३५ देशांची माफी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू होईल असे सांगितले होते आणि ती प्रत्यक्षात आली नाही. घोषणा आणि अंमल यांच्यातले अंतर हेही एक शुल्कच आहे. माफी येणार म्हणून ऐकलेला माणूस तिकीट काढायचे थांबतो.

या वेळी सरकारने किंमतही सांगितली: वर्षाला ६ कोटी ६० लाख डॉलरचा महसूल बुडेल. किती जादा पर्यटक आले म्हणजे हे भरून निघेल? माणशी १,३६३ डॉलर धरले तर ४८ हजार ४००, म्हणजे वार्षिक संख्येच्या दोन टक्के. एवढे तर येतीलच, असे पर्यटन मंत्रालय म्हणू शकते, आणि देशात येणाऱ्या परकीय चलनाच्या हिशेबात ते बरोबर आहे.

पण बुडणारा पैसा तिजोरीचा आहे आणि भरून येणारा पैसा हॉटेलवाल्याचा, रिक्षावाल्याचा, मार्गदर्शकाचा. तिजोरीत येतो तो त्यातला कर. श्रीलंकेत जानेवारी २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे. पर्यटकाच्या प्रत्येक डॉलरवर तो पूर्ण वसूल झाला असे धरले (समुद्रकिनाऱ्यावरचा शहाळेवाला पावती देत नाही, हे क्षणभर विसरून), तर १,३६३ डॉलरमधले २०८ सरकारला मिळतात. त्या हिशेबाने ६ कोटी ६० लाख डॉलर परत यायला ३ लाख १७ हजार जादा पर्यटक लागतील. चाळीस देशांनी मिळून एका वर्षात एवढे पाठवले तरच अर्थखाते खूश. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २९० कोटी डॉलरच्या कार्यक्रमाखाली महसुलाच्या प्रत्येक आकड्याचा जाब द्यावा लागणाऱ्या देशात घोषणा आणि राजपत्र यांच्यात महिने का जातात, याचे उत्तर मला ४८ हजार आणि ३ लाख १७ हजार या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसते.